दवाखान्यातून आल्यापासून आई पार खचली आहे. रिपोर्ट नॉर्मल, मग हे काय?

नीरजा_क
आई ७९ वर्षांची. न्यूमोनिया झाला म्हणून अ‍ॅडमिट केलं होतं. त्याआधी अंघोळ, औषधं, फोन, बँकेची कामं, सगळं तिचं ती करायची. आता एक्स-रे साफ आहे, रक्ताचे रिपोर्टही चांगले. पण खुर्चीतून उठायचं तर दोन्ही हातांनी दांडे धरून दोन-तीनदा झोका घेते तेव्हा कुठे उभी राहते. अंघोळीला मी लागते. डॉक्टर म्हणाले, "वय आहे, एवढा अशक्तपणा राहणारच." मावशीने बाजूला घेऊन सांगितलं, "या वयात एकदा अंथरूण धरलं की माणूस उठत नाही, मनाची तयारी ठेव." कोणाचं खरं मानू? आणि चालण्याच्या वेगावरून आयुष्याचा अंदाज बांधतात असं वाचलं, ते थोतांड आहे का? पडेल या भीतीने सध्या आम्ही तिला जास्तीत जास्त झोपवूनच ठेवतो.

खडूस_आजोबा
मी तरुणपणीही रमतगमतच चालायचो. बायको कायम दहा पावलं पुढे. ८३ पूर्ण झाली, अजून आहे. असल्या अभ्यासांवर माझा काडीचा विश्वास नाही.

उठबस
वृद्धांच्या वॉर्डात फिजिओथेरपिस्ट आहे, रोजचं काम हेच, म्हणून जरा लांबण लावते.

आजोबा, तुमचं एका अर्थी बरोबर आहे. जन्मभर हळू चालणारा माणूस आणि सहा महिन्यांत हळू झालेला माणूस, यांच्यात फरक आहे. मी नेहमी आधी हेच विचारते, "पूर्वी कसे चालायचे?" पण अभ्यास खोटा नाही. २०११ साली नऊ अभ्यासांतल्या ६५ वर्षांवरच्या ३४ हजारांहून जास्त लोकांची माहिती एकत्र तपासली गेली. नेहमीच्या चालीचा वेग सेकंदाला ०.१ मीटरने जास्त असेल, तर मृत्यूचा धोका साधारण १२ टक्क्यांनी कमी दिसला. हाताच्या पकडीचंही तसंच. १७ देशांतल्या एका मोठ्या पाहणीत (२०१५) पकड ५ किलोने कमी असली तर धोका १६ टक्क्यांनी जास्त निघाला, आणि हा अंदाज वरच्या रक्तदाबापेक्षाही सरस ठरला. कारण साधं आहे. रक्ताचा रिपोर्ट एकेका अवयवाचं सांगतो. चार पावलं टाकायला मात्र हृदय, फुप्फुसं, नजर, तोल, स्नायू आणि मेंदू सगळ्यांना एकाच वेळी हजर राहावं लागतं.

नीरजाताई, अंघोळीची गोष्ट किरकोळ समजू नका. सिडनी कॅट्झ यांनी १९६३ मध्ये रोजच्या सहा कामांची यादी मांडली: अंघोळ, कपडे, शौचाला जाणं, उठून बसणं, शौच-लघवीवर ताबा आणि जेवण. सहसा सगळ्यात आधी अंघोळ सुटते, जेवण शेवटी. बघा ना, ओली फरशी, तोंडाला साबण म्हणून डोळे मिटलेले, वाकून पाय चोळायचा आणि तेवढा वेळ दुसऱ्या पायावर तोल सांभाळायचा! सुधारणा उलट क्रमाने होते, म्हणजे अंघोळ परत यायला सगळ्यात उशीर लागतो. तेवढ्यावरून धीर सोडू नका.

आता मावशींचं. २००८ च्या एका अभ्यासात सत्तरीपुढचे असे रुग्ण होते, जे दवाखान्यातून निघताना या कामांत नव्याने परावलंबी झाले होते. वर्षभराने त्यातले ४१ टक्के वारले होते, २९ टक्के हयात पण परावलंबी, आणि ३० टक्के पूर्वीसारखे झाले होते. आकडे कडू आहेत, लपवण्यात अर्थ नाही. म्हणजे मावशी अगदीच हवेत बोलत नाहीत. "वय आहे" हे उत्तर मात्र मला पटत नाही, कारण वय दोन आठवड्यांत एवढं वाढत नसतं. त्या अभ्यासात पूर्वीसारखे न झालेल्यांत कॅन्सर, डिमेन्शिया, हृदयविकार असलेले आणि आधीच फोन-औषधं-हिशेब दुसऱ्यांवर सोपवलेले लोक जास्त होते. तुमची आई तर हे सगळं स्वतः करत होती. ही जमेची बाजू.

आणि झोपवून ठेवणं आजपासून बंद करा. धडधाकट ज्येष्ठांना फक्त दहा दिवस पलंगावर ठेवलं (२००७), तर एकट्या पायांतलं जवळपास एक किलो वजन गेलं, आणि ते चरबीचं नव्हे. त्यांना आजार कसलाच नव्हता! जेवण खुर्चीत बसून होऊ दे. खुर्ची उंच, कडक बैठकीची हवी. उठताना आधी पुढे सरकायचं, पावलं गुडघ्यांच्या मागे घ्यायची, नाक पायाच्या बोटांवर येईल इतकं वाकायचं, मग उठायचं. झोका घ्यावा लागतो तो बहुतेक वेळा पावलं पुढे राहतात म्हणून. बगलेत हात घालून ओढू नका. बाथरूममध्ये स्टूल आणि भिंतीला पक्का दांडा लावा. डॉक्टरांना झोपेच्या गोळ्यांबद्दल विचारा आणि उभं केल्यावरचं बीपी मोजून घ्या. किडनीचा त्रास नसेल तर वजनाच्या दर किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रोटीन हवं.

मधला_मुलगा
बाबांच्या वेळी चालणं मंदावलं ते कॅन्सरमुळे, आणि ते परत आलं नाही. पण त्यामुळे आम्ही त्यांना वेळेत विचारलं: व्हेंटिलेटर हवा का, घरी राहायचंय का. त्यांनी स्वतः स्पष्ट सांगितलं. नंतर भावंडांत त्यावरून वाद झाला नाही. आई बरी होणार असली तरी हे विचारून ठेवा.

नीरजा_क
सगळ्यांचे आभार. उठबसताई, पावलं मागे घेऊन उठायचं सांगितलं तर पहिल्या फटक्यात उभी राहिली, स्वतःच हसली. मग व्यायामाने चाल सुधारली तर आयुष्यही वाढतं का?

उठबस
तसं वचन देता येत नाही. २०१४ साली ७० ते ८९ वयाच्या १,६३५ लोकांवर चाचणी झाली. ४०० मीटर चालणं न जमण्याचं प्रमाण व्यायामाच्या गटात ३०.१ टक्के, तर दुसऱ्या गटात ३५.५ टक्के निघालं, मृत्यू मात्र कमी झाले नाहीत. मंद चाल बहुधा आतल्या बिघाडाची खूण असते, दरवेळी ती स्वतःच जीव घेते असं नाही. पण स्नायू या वयातही ऐकतात. १९९० मध्ये सरासरी ९० वर्षांच्या अशक्त लोकांनी आठ आठवडे वजनं उचलली, तर मांडीची ताकद १७४ टक्क्यांनी वाढली. आई स्वतः शौचाला जाऊन येते का, हा फरक माझ्या लेखी पुष्कळ मोठा.

एक लक्षात ठेवा, दोन दिवसांत अचानक उतरली, गोंधळून बोलायला लागली, तर अशक्तपणा म्हणून थांबू नका. ताप नसला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

खडूस_आजोबा
ते पावलं मागे घेऊन उठायचं मीही करून पाहिलं. जमतं. अभ्यासांवरचं मत कायम.