न्हाणीघर घासताना हात कसे सांभाळता?

आचऱ्याची सून

नमस्कार. आचऱ्याजवळ आमचं घरगुती निवासाचं काम आहे. चार खोल्या, प्रत्येकीला संडास-बाथरूम. एक कुटुंब निघालं की दुसरं येईपर्यंत जेमतेम दोन तास मिळतात, तेवढ्यात मी आणि कामाला येणाऱ्या मावशी सगळं धुऊन काढतो. विहीर जांभ्यातली, त्यामुळे बेसिनमध्ये आणि कमोडमध्ये पाण्याच्या धारेखाली तांबडे ओघळ धरतात. त्यासाठी कधी टॉयलेट क्लीनर, कधी ब्लीचिंग पावडर, आणि मग जोर लावून घासणं.

आता माझ्या बोटांच्या बेचक्यातली कातडी पांढरी, ओलसर राहते. अंगठीखाली पुरळ आलंय. मासे साफ करताना भेगांत मीठ गेलं की डोळ्यांतून पाणी येतं. रबरी हातमोजे घालते, पण थोड्याच वेळात आत घामाचं पाणी होतं आणि काढल्यावर खाज सुटते. सासूबाई म्हणतात, आधी हाताला खोबरेल चोळ, काजूच्या कारखान्यात बायका तसंच करतात. मावशी तर हातमोजे घालतच नाहीत, सटकतात म्हणतात. तुम्ही काय करता?

निवृत्त मास्तर, रत्नागिरी

हातांआधी छातीचं सांगतो. टॉयलेट क्लीनर आणि ब्लीचिंग पावडर एकाच भांड्यात, एकाच वेळी कधीही पडू देऊ नका. क्लीनरमध्ये साधारण १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. ते ब्लीचिंगवर पडलं की क्लोरीन वायू सुटतो आणि लहानशा बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो. दोन्ही वापरायचीच असतील तर वेगवेगळ्या दिवशी वापरा, मधे भरपूर पाणी ओता, खिडकी उघडी ठेवा.

आणि ब्लीचिंगचं पाणी बोटांना बुळबुळीत लागतं ना? ते अल्कधर्मी असतं. कातडीवरच्या तेलाचा साबण होतो, म्हणून तसं लागतं. तो बुळबुळीतपणा धुतला गेला की आपलं संरक्षणही त्याबरोबर जातं.

वेंगुर्ल्याची काकी

बाय, मी लॉजमध्ये खोल्या साफ करण्याचं काम केलंय, आता तिथेच बायकांवर देखरेख करते. माझी आवस, म्हणजे आई, काजूच्या कारखान्यात होती. तेव्हा तुझ्या सासूबाई काय म्हणतात ते मला नीट कळतं. काजूच्या टरफलातलं तेल कातडीला लागलं की फोड येतात, बोटं काळी पडतात. म्हणून बायका आधी हाताला तेल चोळतात. तिथे ते बरोबर आहे, कारण तिथे उघड्या हातांनी काम चालतं आणि टरफलातलं तेल थेट कातडीवर बसू द्यायचं नसतं. इथे तुला रबरी हातमोजे घालायचेत, आणि तेलाने रबर कमकुवत होतं, ताणलं की फाटतं. आम्लही तेलाच्या थराने अडत नाही. तेव्हा तेल कामानंतर. आधी नाही.

तुझं बेचक्यातलं पांढरं झालेलं आहे ना, ते मला आम्लाने झालेलं वाटत नाही. ते ओलीचं आहे. पावसात शेतात उभं राहून पायाला चिखल्या होतात, तसंच हाताचं होतं. हातमोज्याच्या आत पाणी आणि घाम कोंडला की कातडी भिजून फुगते आणि मग साधा साबणही आत शिरतो. म्हणून हातमोजा घातला म्हणजे काम झालं असं नाही, आत हात कोरडा राहतोय की नाही ते बघावं लागतं. आतून पातळ सुती हातमोजा घाल, त्यावर रबरी. सुती जोड्या दोन-तीन ठेव. ओला झाला की लगेच बदल, तसाच ओढून बसू नको. एक खोली झाली की दोन्ही काढून हात वाऱ्याला धर. तुझ्याकडे वेळ कमी असतो ते कळतं, पण मधली ही पाच मिनिटं वाया जात नाहीत.

अंगठी काढून ठेव. साबण आणि ब्लीचिंग अंगठीखाली अडकतं, धुतलं तरी निघत नाही. अंगठी काढल्यावर पुरळ गेलं तर कारण कळलंच. काचेच्या बांगड्या हातमोज्याच्या तोंडाला लागून तो चिरतात, तेव्हा त्या कोपराकडे सरकव किंवा तेवढ्यापुरत्या उतरव. हातमोजा लांब बाहीचा घे आणि तोंडाकडची कड बाहेर दुमड. वर फ्लशची टाकी नाहीतर भिंत घासताना हात उंचावलास की पाणी मनगटाकडे धावतं, ते दुमडीत अडतं. वापरण्याआधी हातमोज्यात पाणी भरून बघ, कुठे गळतो का. भोक पडलेला हातमोजा नसलेल्यापेक्षा वाईट, कारण क्लीनर आत जाऊन तिथेच बसतं. धुतल्यावर उलटा करून सावलीत वाळव, उन्हात नको.

हातमोजे काढल्यावर लगेच खाज येते म्हणतेस, मग रबरच तुला चालत नसेल, तेही बघायला हवं. काहींना नैसर्गिक रबराचीच ॲलर्जी असते. एक जोडी नायट्राइलची, म्हणजे कृत्रिम रबराची, घेऊन बघ, आमच्याकडच्या एका मुलीला तेवढ्यानेच फरक पडला. त्यानेही खाज राहिली तर मग त्वचेच्या डॉक्टरांना दाखव.

आता डागांचं. तांबडा डाग म्हणजे लोखंड, आपल्या जांभ्यात ते भरपूर. तो ब्लीचिंगने जात नाही, उलट जास्त पक्का बसतो. आणि जोराने घासूनही जात नाही. सायट्रिक आम्लाची पावडर, लिंबू फूल म्हणून किराणा दुकानात मिळते, ती गरम पाण्यात विरघळवून त्यात जुनं फडकं भिजव, डागावर पसरव आणि तासभर विसरून जा. मग हलक्या ब्रशने निघतं. पाहुणे असतानाच रात्री हे करता येत नाही, म्हणून खोली रिकामी झाली की आधी फडकं लाव, मग चादरी बदलायला जा. दोन तासांतला एक तास त्याचं काम तेच करतं. कडप्पा, संगमरवर आणि फरशीच्या फटींतल्या सिमेंटला मात्र कुठलंही आम्ल जास्त वेळ लावू नको, ते खातं. दारोदार बाटलीतून विकतात ते अ‍ॅसिड तर घरात आणूच नको. त्यावर टक्केवारीसुद्धा लिहिलेली नसते. चुकून अंगावर उडालंच तर लगेच वाहत्या पाण्याखाली हात धर, पंधरा-वीस मिनिटं, चुना-सोडा काही लावत बसू नको.

कामानंतर हात साध्या पाण्याने धुऊन, बेचकेसुद्धा पुसून कोरडे कर. मग भेगांवर मुठेल लाव. कोकमाच्या बियांचं तेल, घरोघरी टाचांच्या भेगांना लावतात तेच. थंडीत दगडासारखं घट्ट असतं, तळहातावर घासलं की विरघळतं. बेचक्यात मात्र ते भरू नको, तिथे कोरडं राहणंच बरं. नखाच्या कडेला सूज, दुखणं, म्हणजे नखुरडं झालं किंवा बेचक्यातलं आठवड्याभरात कोरडं झालं नाही, तर डॉक्टरकडे जा. मेडिकलवाला तीन-चार औषधं एकत्र असलेली ट्यूब देईल, ती घेऊ नको. त्यात स्टेरॉइड असतं. आधी बरं वाटतं, बुरशी असेल तर आत पसरते. आमच्याकडे बायकांनी ते खूप सोसलंय.

मावशींचंही तेवढंच मनावर घे. त्यांचे हात तुझ्यापेक्षा जास्त वेळ पाण्यात असतात, त्या घरी जाऊन पुन्हा भांडी घासतात. हातमोजे त्यांनी आणावेत असं नको, तू आण, आणि पगारातून कापू नको.

आचऱ्याची सून

काकी, खूप खूप आभार. आजच अंगठी काढली. फडक्याचं उद्याच्या खोलीत करून बघते. मावशींचा हात लहान आहे, मी माझ्याच मापाचे देत होते, म्हणून सटकत असतील. माप कसं घेऊ?

वेंगुर्ल्याची काकी

अंगठा सोडून चार बोटांच्या मुळाशी तळहाताभोवती शिंप्याची टेप गुंडाळ. जितके इंच, तितका नंबर. सात इंच आले तर सात. अर्धा इंच वर गेला तर मोठा नंबर घे, कारण आत सुती हातमोजा जायचा आहे. मालवणात बाजारात गेलीस तर मावशींनाच सोबत ने, त्यांनी घालून, मूठ वळून बघू दे.

निवृत्त मास्तर, रत्नागिरी

लिंबू फुलाचं काकींनी सांगितलं ते बरोबर. फक्त तेही ब्लीचिंगमध्ये मिसळू नका, आम्ल ते आम्लच. त्याचाही वायू सुटतो.

वेंगुर्ल्याची काकी

होय मास्तर, हे सांगितलंत ते बरं झालं. बाय, ब्लीचिंगचा डबा आणि लिंबू फूल वेगळ्या फळीवर ठेव, आणि मावशींनाही डबे दाखवून सांग.