आठव्या पिढीचा प्रोसेसर त्या बोर्डावर चालणार नाही

तुमच्या ऑल-इन-वनमध्ये (स्क्रीनमध्येच बसवलेल्या कॉम्प्युटरमध्ये) इंटेलचा आय३-६१००टी प्रोसेसर आहे आणि त्याजागी आय७-८७०० टाकायचाय, असं तुम्ही लिहिलंय. कृपया घेऊ नका! सॉकेट (प्रोसेसर बसतो ती जागा) दोन्हींचं एलजीए ११५१च, पण तुमच्यासारख्या सहाव्या पिढीच्या मदरबोर्डावर ८७००ची आठवी पिढी चालत नाही. शिवाय तुमचा ३५ वॉटचा, तो ६५ वॉटचा. चपट्या डब्यातला छोटा पंखा एवढी उष्णता कशी बाहेर टाकणार? आय७-६७००टी शोधा, तोही ३५ वॉटचाच.

मी पुण्याच्या तपकीर गल्लीतून जुना ६७००टी आणला. गादीवर स्क्रीन पालथी ठेवून मागचं झाकण उघडलं, तर प्रोसेसरची उष्णता पुढे नेणारी थर्मल पेस्ट खडूसारखी सुकलेली. ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने नीट पुसूनच नवीन लावली.

अजून हार्ड डिस्कच असेल तर आधी एसएसडी (फिरत्या तबकड्या नसलेली वेगवान डिस्क) टाका. खरा फरक तिथे जाणवतो.