सासवडच्या एसटीत अर्धं तिकीट, पीएमपीत पूर्ण: शहराची बस नक्की कुणाची जबाबदारी?

अनघा, धनकवडी
पुण्यात स्वारगेटला एसटीचं स्थानक आणि पीएमपीचं, म्हणजे पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या शहर बससेवेचं, स्थानक शेजारी-शेजारी. सासवडला एसटीही जाते, पीएमपीही. मार्च 2023 पासून एसटीत बाईला अर्धं तिकीट, आणि त्याआधीपासूनच 75 ओलांडलेल्यांना मोफत प्रवास. तीच बाई चार पावलं चालून पीएमपीत चढली की ही सवलत संपली. कारण एसटीची सवलत राज्य सरकार भरून देतं आणि पीएमपी पडली महापालिकांची.

पण कायद्याने ती महापालिकांचीही धड नाही. 74 व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची आणली, त्यात शहरांसाठी 18 विषय आहेत. 17 वा विषय वाचा: रस्त्यावरचे दिवे, पार्किंग, बसथांबे, स्वच्छतागृहं. थांबा आहे, थांब्यावर येणारी बस नाही! आपल्या 1949 च्या महापालिका कायद्यातही बससेवा ऐच्छिक कामांत टाकलेली आहे. माझं म्हणणं असं की ती बंधनकारक करा आणि खर्चाचा ठरलेला वाटा राज्याने उचलावा.

करदाता_बाणेर
अनघाताई, राज्याकडे देऊन काय होतं ते एसटीत दिसलंच की. 2021 च्या दिवाळीच्या तोंडावर सुरू झालेला संप 2022 च्या एप्रिलपर्यंत चालला. सवलत मंत्रालयातून जाहीर होते, भरपाईची वाट महामंडळ बघत बसतं आणि कर्मचाऱ्यांचे पगार अडकतात. त्यापेक्षा आज आहे ते बरं. पीएमपीची तूट पुणे मनपा 60 टक्के आणि पिंपरी-चिंचवड 40 टक्के भरते. आपला कर, आपली बस, आणि जाब विचारायला आपला नगरसेवक. कित्येक वर्षं भाडं वाढवलं नाही म्हणून 2025 मध्ये किमान तिकीट एकदम दुप्पट करावं लागलं. वेळच्या वेळी थोडं थोडं वाढवलं असतं तर कुणाला जड गेलं नसतं.

अनघा, धनकवडी
कुठला नगरसेवक? मार्च 2022 मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि पुढे कित्येक वर्षं प्रशासक होता. 1 जून 2025 ला किमान तिकीट 5 चं 10 झालं, महिन्याचा पास 900 चा 1500 झाला, तेव्हा जाब विचारायला दोन्ही महापालिकांत निवडून आलेलं कुणी नव्हतं.

जुना_वाहक
मी पीएमटीत लागलो, 2007 ला पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी एक होऊन पीएमपी झाली, पीएमपीत निवृत्त झालो. त्या 5 रुपयांबद्दल मला सांगायचंय. मार्केटयार्डाच्या गाडीत सकाळी भाजीच्या पाट्या घेऊन बायका चढायच्या. मी जवळ पोचायच्या आत नाणं तळहातावर तयार. पदराच्या गाठीतून आधीच काढून ठेवलेलं असायचं, घामाने ओलं. दोन थांब्यांचा प्रवास, पण डोक्यावर वीस किलोचं ओझं. तोट्याच्या चर्चेत या बायका कधी येत नाहीत.

बाणेरकरांचं एक मात्र पटतं. मालक बदलून गाडी वेळेवर येत नाही. आता ठेक्याच्या गाडीवर ड्रायव्हर ठेकेदाराचा आणि कंडक्टर पीएमपीचा. ठेकेदाराला पैसे किलोमीटरवर मिळतात, गाडी भरलेली असो की रिकामी. एका गाडीत दोन नोकऱ्या, मग प्रवाशाने तक्रार कुणाकडे करायची?

निगडी_ते_मनपा
काका, गाडीच्या बाहेर तर आणखी वाटण्या आहेत. रस्ता मनपाचा, सिग्नल पोलिसांचा, मेट्रो महामेट्रोची, हिंजवडीची मेट्रो पीएमआरडीएची (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची). 2006 च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात 10 लाखांवर लोकसंख्येच्या शहरांत एकच वाहतूक प्राधिकरण असावं, असं लिहिलंय. त्याच वर्षी कात्रज-हडपसर बीआरटी, म्हणजे फक्त बससाठीची वेगळी मार्गिका, सुरू झाली. पुढे नगर रस्त्यावरची बीआरटी काढून टाकली. बसला स्वतःची वाट द्यायची आणि मग तीच काढून घ्यायची, हे मला फार लागलं. आणि महामेट्रोत केंद्र आणि राज्य निम्मे-निम्मे भागीदार आहेत. मेट्रोला दोन सरकारं चालतात, मग बसला का नाहीत?

करदाता_बाणेर
बसलाही केंद्राचा पैसा आलाच की. ई-बस 2019 पासून धावतायत.

अनघा, धनकवडी
आला, पण गाड्या आणण्यासाठी. डिझेल, वीज, पगार, ठेकेदाराचं किलोमीटरचं बिल, हे रोजचं ओझं दोन महापालिकांवरच राहतं. माझा मुद्दा नेमका तोच आहे.

करदाता_बाणेर
सवलतीतला भेदभाव मला मान्य आहे, स्वारगेटचं उदाहरण खोडता येत नाही. पण पैसा मंत्रालयातून आला की मार्गही तिथेच ठरतील, ही भीती जात नाही. निवेदन देणार असाल तर दोन गोष्टी घाला. राज्याचा वाटा तिमाहीच्या आधी आगाऊ जमा व्हावा आणि मार्ग ठरवण्याचा अधिकार इथेच राहावा. मग सही करतो.

अनघा, धनकवडी
दोन्ही घालते. काकांची तिसरी: ठेक्याच्या गाडीतल्या तक्रारीला उत्तर पीएमपीनेच द्यायचं, ठेकेदाराकडे बोट दाखवायचं नाही. रविवारी रात्री मसुदा इथेच टाकते.

जुना_वाहक
चौथी घाला. दोन थांब्यांचं तिकीट परत 5 रुपये.