डिग्री कशाला, म्हणणाऱ्यांसाठी

"सिस्टरचा हात हलका असला, माया असली की झालं, डिग्री कशाला?" असं कुणीतरी लिहिलेलं वाचलं. मला अजिबात पटलं नाही.

गेल्या पावसाळ्यात आत्याला खानापूरहून बेळगावच्या दवाखान्यात आणलं होतं. पोटाचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या रात्री ती नुसतं "जीव घाबरा होतोय" म्हणत होती. बोटाच्या मशीनवर ऑक्सिजन ९६, म्हणजे ठीक, ताप नाही. बीएस्सी नर्सिंग झालेली एक तरुण सिस्टर, घरची कन्नड, आत्याशी मोडक्या मराठीत बोलायची. तिनं घड्याळ धरून पूर्ण मिनिटभर श्वास मोजले. २८, म्हणजे बरेच जास्त! लगेच डॉक्टरांना फोन केला, आकड्यांसकट सांगितलं आणि ते येईपर्यंत खाटेजवळून हलली नाही. ऑक्सिजन घसरायच्या आधीच श्वासाचा वेग वाढू शकतो, हे सकाळी तिनंच मला समजावलं. माया होतीच हो, पण त्या रात्री कामाला आलं ते शिक्षण.

एवढ्या एका रात्रीवरून बोलत नाही. नर्सिंगच्या संशोधक लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांचा २०१४ चा, लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातला अभ्यास बघा: युरोपातले ९ देश, ३०० रुग्णालयं, ऑपरेशन झालेले ४ लाखांवर रुग्ण. पदवीधर नर्स १० टक्क्यांनी जास्त, तिथे ३० दिवसांत मृत्यूची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी कमी. पण एका नर्सवर एक रुग्ण वाढला की तीच शक्यता ७ टक्क्यांनी वाढते, हेही विसरू नका.

जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केलेल्या अनुभवी ताईंना कमी लेखत नाही. उलट त्यांना पोस्ट बेसिक बीएस्सीसाठी (डिप्लोमानंतरच्या नर्सिंग पदवीसाठी) पगारी रजा मिळायला हवी.