मदत हवी आहे: मुलांसाठी अष्टाक्षरी

मंडळी, आईच्या पंचाहत्तरीला घरातल्या सगळ्या मुलांनी (वय ९ ते १२) तिच्यावर स्वतः कविता लिहायची असं ठरलंय. वृत्तबद्ध लिहायचं तर लघु-गुरूची भानगड येते, आणि मुक्तछंद म्हटलं की मुलं निबंधच तोडून तोडून लिहितात. म्हणून अष्टाक्षरी निवडली. ओळीत आठ अक्षरं, ऱ्हस्व-दीर्घ काही असो, जोडाक्षर एकच धरायचं. बोटांवर मोजता येतं, त्यामुळे पोरं खूश आहेत. भाचीने तर लगेच लिहिलं:

आजी शोधे घरभर
चष्मा तिच्या डोक्यावर

हे झकास जमलंय. पण भाच्याची ओळ आहे ‘दुपारी आजी झोपली’. मोजून आठ भरतात, तरी म्हणताना अडखळायला होतं. चौथ्या अक्षरावर शब्द संपत नाही म्हणून असेल का? मग चार-चारचे तुकडे सक्तीचे करावेत, की टाळ्या वाजवत म्हणायला लावलं तर आपोआप सुधारेल? शिवाय यमक दर दोन ओळींना ठेवावं की फक्त दुसऱ्या-चौथ्या ओळीला? यमकापायी मुलं काहीही कोंबतात. ओळींत अनुक्रमे ६-६-६-४ अक्षरं असलेला अभंग या वयाला झेपेल का? वर्गात हे करून घेतलेल्या शिक्षकांनी जरूर सांगा.