वाळवंटातील वेलनेस रिसॉर्ट : आराखड्याची सुरुवात पाण्यापासून व्हावी

मूळ धागा

वाळवंटात उभारायच्या वेलनेस रिसॉर्टांची संकल्पचित्रे पाहिली, तर वाळूच्या टेकडीसारखी वळणदार छपरे, मातकट भिंती आणि मध्यभागी निळाशार तलाव हे सर्व हमखास आढळते. छपरांबद्दल माझी तक्रार नाही; आक्षेप आहे तो तलावाला. उष्ण वाळवंटात उघड्या पाण्याची पातळी बाष्पीभवनाने वर्षाला दोन मीटर किंवा त्याहूनही अधिक घटते. २५ मीटर लांब आणि १० मीटर रुंद तलाव धरला, तर कोणीही त्यात उतरले नाही तरी वर्षाकाठी किमान ५ लाख लिटर पाणी हवेत जाते. जिथे वर्षभरात १०० मिलिमीटर पाऊस पडतो, तिथे ही तूट भरून काढण्यासाठी ५००० चौरस मीटर छप्पर लागेल, आणि तेही पडलेला थेंबन् थेंब टाकीत पोहोचला तर.

सग्वारो या अमेरिकेतील उंच निवडुंगाच्या खोडावरच्या उभ्या घड्या पाऊस पडला की पसरतात आणि दुष्काळात पुन्हा आक्रसतात. त्याची रंध्रे, म्हणजे हवा आत-बाहेर करणारी सूक्ष्म छिद्रे, दिवसाच्या उन्हात मिटलेली असतात आणि रात्री उघडतात. त्या घड्यांची नक्कल दर्शनी भिंतीवर करणे सोपे आहे, परंतु पाणी मिळेल तेव्हाच साठवावे आणि साठ्यापुरतेच वाढावे हा त्याचा स्वभाव आराखड्यात उतरलेला मला क्वचितच दिसतो. म्हणून आधी पाण्याचा ताळेबंद मांडावा, त्यावरून पाहुण्यांची संख्या ठरवावी आणि त्यानंतरच वास्तूच्या रूपाचा विचार करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रतिसाद १ (वास्तुरचनाकार)

तलावाबद्दलचा हिशेब मान्य आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मान्य नाही. वाळवंटात वास्तूचे रूप ही सजावट नसते, तीच तिथली यंत्रणा असते. इराणमधील यज्द येथील दौलताबाद बागेतला सुमारे ३३ मीटर उंचीचा वारामनोरा वरची हवा खाली आणून पाण्याच्या लहानशा हौदावरून खेळवतो, आणि खालचे दालन विजेशिवाय थंड राहते. जाड मातीची भिंत दुपारची उष्णता कित्येक तास अडवून धरते आणि रात्री ती आकाशाकडे सोडून देते. पाण्याने मिळणारा गारवा हवा असेल, तर सावलीतला, भिंतींनी वेढलेला हौद पुरतो आणि वापरात नसताना त्यावर आच्छादन घालता येते.

शिवाय व्यवहाराची एक बाजू आहे. विचारी वास्तुरचनाकारांनी इतक्या कडक अटी लावून काम नाकारले, तर ती जमीन मोकळी राहणार नाही. तिथे काचेची पेटी उभी राहील आणि ती थंड ठेवण्यासाठी चोवीस तास यंत्रे चालतील.

प्रतिसाद २

वास्तुरचनाकारांच्या मुद्द्यात एक अट अध्याहृत राहिली आहे. वारामनोरा आणि हौद यांची जोडी कोरड्या हवेत उत्तम चालते, कारण अशा हवेत पाणी झपाट्याने वाफ होऊन उष्णता शोषते. समुद्रालगतच्या वाळवंटात उन्हाळ्याची रात्रदेखील दमट आणि उष्ण असते. तिथे हीच रचना जवळपास निरुपयोगी ठरते आणि जाड भिंतीलाही दिवसभराची उष्णता सोडायला पुरेशी थंड रात्र मिळत नाही.

निसर्गाकडून घेतलेल्या कल्पनांची नीट तपासणी होत नाही, ही माझी मुख्य चिंता आहे. नामिब वाळवंटातील ओनिमॅक्रिस जातीचा भुंगा पहाटे टेकडीच्या माथ्यावर जातो, डोके खाली आणि मागचा भाग वर करून धुके आणणाऱ्या वाऱ्याकडे तोंड करतो, आणि अंगावर जमलेले थेंब ओघळून त्याच्या तोंडापर्यंत येतात. त्याच्यावरून धुके टिपणाऱ्या जाळ्यांचे प्रस्ताव मांडले जातात. मात्र नामिबचे धुके थंड बेंग्वेला सागरी प्रवाहामुळे तयार होते; जिथे धुकेच उतरत नाही तिथे त्या जाळ्या कोरड्याच राहणार. झिंबाब्वेतील हरारे येथील ईस्टगेट सेंटर ही इमारत वास्तुरचनाकार मिक पिअर्स यांनी वाळवीच्या वारुळावरून रचली आणि ती १९९६ मध्ये पूर्ण झाली. वारुळातील हवा ज्या पद्धतीने खेळते असे तेव्हा समजले जात होते, ती समजूत पुढच्या संशोधनात टिकली नाही. तरीही इमारत कमी ऊर्जेत थंड राहते, कारण रात्रीची गार हवा काँक्रीटच्या वस्तुमानात गारवा साठवते. प्रेरणा कुठूनही घ्यावी. भिंतीमागचे तापमान मात्र मोजून सिद्ध करावे.

प्रतिसाद ३

इजिप्तमधील सिवा मरूद्यानातील आद्रेर अमेलाल या निवासाचा उल्लेख इथे व्हायला हवा. तिथल्या भिंती स्थानिक मीठ आणि माती यांच्या कर्शिफ नावाच्या मिश्रणातून बांधलेल्या आहेत आणि खोल्यांत विजेऐवजी मेणबत्त्या लावतात. अंधाराची सवय झालेल्या डोळ्यांना जे आकाश दिसते, त्याहून मोठा आरोग्योपचार मला तरी माहीत नाही. पण हे साहित्य पावसात विरघळते: त्याच सिवातील शाली ही जुनी वस्ती १९२६ च्या मुसळधार पावसाने मोडकळीस आली. असे बांधकाम स्वीकारणाऱ्याने डागडुजी करणारे कुशल हातही कायम गावात राहतील, याची तजवीज केली पाहिजे.

मूळ लेखकाचा प्रतिसाद

सिवाचे उदाहरण माझ्या मुद्द्याला आणखी बळ देते. तिथले पाणी न्युबियन वालुकाश्म जलधरातून, म्हणजे जमिनीखालच्या पाणी धरणाऱ्या खडकाच्या थरातून येते. इजिप्त, लिबिया, सुदान आणि चाड या चार देशांखाली पसरलेला तो साठा हजारो वर्षांपूर्वीच्या पावसाचा आहे आणि आजच्या पावसाने तो जवळजवळ भरत नाही. भिंत कितीही सौम्य साहित्याची असली, तरी नळाला येणारे पाणी पुन्हा न मिळणारे असेल, तर त्या वास्तूला शाश्वत म्हणणे मला पटत नाही. खारे पाणी गोडे करण्याचा पर्याय सुचवला जातो, परंतु त्यातून उरणारा तीव्र खारा द्रव समुद्रापासून दूर असलेल्या ठिकाणी टाकायचा कुठे, हा प्रश्न बहुतेक आराखड्यांत अनुत्तरित राहतो.

आणखी एक गोष्ट पायाखालची आहे. अनेक वाळवंटांच्या पृष्ठभागावर सायनोबॅक्टेरिया हे सूक्ष्म जीव, शेवाळ आणि दगडफूल यांनी विणलेला काळपट, खडबडीत पापुद्रा असतो आणि तोच वाळू बांधून ठेवतो. तो एका पावलाने मोडतो आणि पूर्ववत होण्यास कित्येक दशके लागतात. पायवाटा जमिनीपासून उचललेल्या असाव्यात आणि बांधकामाच्या गाड्यांसाठी एकच मार्ग आखून द्यावा, या अटी पहिल्याच नकाशावर हव्यात.

प्रतिसाद ४ (वास्तुरचनाकार)

पायवाटांची अट मी विनातक्रार स्वीकारतो. पाहुण्यांची संख्या पाण्यावरून ठरवण्यासही आता माझा विरोध नाही, मात्र हिशेब पूर्ण व्हावा. समजा, माणशी दिवसाला १५० लिटर धरले आणि ४० पाहुणे धरले, तर वर्षाला सुमारे २२ लाख लिटर होतात. पण स्वयंपाकी, उपचारक, माळी आणि सफाई कर्मचारी त्याच आवारात राहतात, आणि त्यांचे पाणी कोणत्याच माहितीपत्रकात दाखवले जात नाही. आंघोळीचे पाणी गाळून झाडांना देता येईल, पण तेवढ्याने मूळ मागणी निम्मी होईल असे मानून चालू नये. आपण म्हणता तशी पाण्यावरून मर्यादा ठरवताना कर्मचारीही मोजले, तर खोल्या थोड्याच राहतील आणि एवढ्या खोल्यांवर वैद्य आणि उपचारक यांचा पगार निघणे कठीण होईल. हंगामापुरतेच निवास चालवणे आणि कडक उन्हाळ्यात ते बंद ठेवणे, हा मार्ग आपल्याला मान्य आहे का, ते सांगावे. मी त्याच दिशेने आराखडा मांडायला तयार आहे.