रात्रभराच्या दशावताराचं रेकॉर्डिंग: ५१२ जीबीचं कार्ड कोणतं घ्यावं?

पायपेटी_कुडाळ
नमस्कार मंडळी. यंदाच्या जत्रांमध्ये आमच्या मंडळाचे खेळ आडदशावतारापासून (खेळाचा सुरुवातीचा भाग) शेवटच्या दहीकाल्यापर्यंत सलग रेकॉर्ड करायचे आहेत. साधारण रात्री ११ ते पहाटे ६. कॅमकॉर्डर फोर-के, १०० एमबीपीएस, स्लॉट एकच, मोठं एसडी कार्ड लागतं. बजेट ३ हजार, ताणून साडेतीन. जुने कलाकार थकत चाललेत, त्यांची सोंगं नीट जपून ठेवायची आहेत.

डोंगरवाट
डोळे झाकून सॅनडिस्क एक्स्ट्रीम प्रो घ्या, १ टीबी. लडाखच्या थंडीत वापरलंय, एक क्लिप खराब नाही. असल्या कामाला पैशाकडे बघायचं नसतं.

पायपेटी_कुडाळ
दादा, बजेट वर लिहिलंय.

हिशेबनीस
१०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट, म्हणजेच साडेबारा एमबी, तासाला ४५ जीबी. ७ तासांचे ३१५. म्हणजे २५६ पुरणार नाही, ५१२ आरामात पुरेल. विंडोजवर ते ४७६ दिसेल, घाबरू नका, मोजण्याची पद्धत वेगळी आहे. पाकिटावरचे १७०, २०० आकडे वाचण्याच्या वेगाचे असतात. तुम्ही फक्त व्ही३० ची खूण बघा. सलग लिहिताना सेकंदाला किमान ३० एमबी, तुमच्या गरजेच्या दुपटीहून जास्त.

फ्रेमवेडा
व्ही३० वर विसंबू नका, व्ही९० घ्या. मी लग्नांच्या शूटिंगला दुसरं वापरतच नाही.

हिशेबनीस
१०० एमबीपीएसला व्ही९०, म्हणजे सेकंदाला किमान ९० एमबी, कशाला? तेवढ्या पैशात त्यांचा ट्रायपॉड येईल.

फ्रेमवेडा
ज्यांनी व्यवसाय केला नाही त्यांना नाही कळणार.

तिठ्यार_उभो
माझा ऐक, ५१२ चो नाद सोड. दोन २५६ घे. एक कार्ड गेला तर अर्धो खेळ तरी हातात रवता. आडदशावतार संपलो की बदलूचा, आख्यान दुसऱ्यार.

कांदेपोहे८२
मुंबईत फुटपाथवर १ टीबीचं कार्ड चारशेत घेतलं होतं. फोन १ टीबी दाखवायचा, फोटोही सेव्ह झालेले दिसायचे. भाच्याच्या मुंजीचे उघडायला गेलो तर सुरुवातीचे तेवढे उघडले, बाकी सगळे करड्या चौकोनांसारखे. विकणाऱ्याचा पत्ता नाही. अजून डोकं फिरतं.

हिशेबनीस
नकली कार्डाचं असंच असतं. आत चिप ३२ जीबीची, पण यंत्राला आकडा खोटा सांगते आणि जागा संपली की पुढचा डेटा नुसता हरवतो. नवीन कार्ड आणलं की विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू चालवा, मॅक किंवा लिनक्सवर एफ३. पूर्ण कार्ड भरून परत वाचून बघतं. ५१२ ला काही तास जातील, जाऊ द्यात. बिल जपा.

रिव्हर्स_गिअर
सॅमसंग प्रो एन्ड्युरन्स घ्या. माझ्या डॅशकॅमला तेच आहे, रोज पुणे-सातारा.

फ्रेमवेडा
ते मायक्रोएसडी आहे. ॲडॅप्टरमध्ये घालून रात्रभर शूटिंग करायचं? एक जास्तीचा जोड म्हणजे एक जास्तीचा धोका.

रिव्हर्स_गिअर
माझ्याकडे ॲडॅप्टरला कधी काही झालं नाही.

सुलभाताई_न्यूजर्सी
माझं माहेर सावंतवाडीचं. आडदशावतारातल्या संकासुराची ती लांब लाल जीभ बघून लहानपणी आईच्या पदरात तोंड लपवायचे मी. रेकॉर्डिंग झालं की इथे नक्की कळवा. आणि आवाज वेगळा घ्या हो, मृदंगाच्या थापेला कॅमेऱ्याचा माइक फाटतो.

तिठ्यार_उभो
ताईंचा खरा. पण कार्डां दोनच घे.

डोंगरवाट
१ टीबी घेतलं असतं तर बदलायचा प्रश्नच नव्हता.

पायपेटी_कुडाळ
सगळ्यांचे आभार. दोन २५६ चा सल्ला पटला, पण कार्ड बदलणार कोण? मी स्वतः पेटीवर असतो. संकासूर रंगात आलेला असताना पेटी सोडून उठणं जमायचं नाही, आणि कॅमेऱ्याजवळ बसायला माणूस नाही. म्हणून किंग्स्टनचं ५१२, व्ही३०, कणकवलीच्या ओळखीच्या दुकानातून बिल करून घेतलं. साडेतीनच्या थोडं वर गेलं. एफ३ लावलंय, निम्मं झालंय, अजून चूक नाही. कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करून, चार्जर लावून एक रात्र घरी नुसतं चालू ठेवणार. आवाजासाठी फोन मृदंगापासून लांब, पेटीच्या बाजूला ठेवतो. पहाटे घरी आलो की आधी दोन हार्ड डिस्कवर कॉपी, मग झोप.

फ्रेमवेडा
व्ही९० च घ्यायला हवं होतं.

तिठ्यार_उभो
जत्रा खयची? मी येऊन बसतंय कॅमेऱ्याकडे.

कोथरूडकर_११
धागा मस्त. मला घरच्या सीसीटीव्हीसाठी २५६ हवंय, बजेट हजार. कोणतं घेऊ?